एलईडीचा ड्रायव्हर: आधी मिलिअँपिअर, मग वॅट

पुरवठ्याची वीज एलईडीला झेपेल अशा रूपात आणणारे सर्किट म्हणजे ड्रायव्हर. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, पण व्होल्टेज जरासे चढले तरी प्रवाह झपाट्याने वाढतो. शिवाय एलईडी तापली की त्याच व्होल्टेजला ती जास्त प्रवाह ओढते आणि आणखी तापते. म्हणून लगाम घालायचा तो प्रवाहाला.

दुकानात मात्र वॅट विचारून ड्रायव्हर घेतला जातो, आणि चूक तिथेच होते. १ वॅटच्या १० एलईडी एकसर जोडल्या तर त्या माळेला ३५० मिलिअँपिअर आणि सुमारे ३० व्होल्ट हवेत. त्यासाठी ३५० मिलिअँपिअर स्थिर प्रवाहाचा, २४ ते ४० व्होल्ट पल्ल्याचा ड्रायव्हर योग्य. ९०० मिलिअँपिअर आणि ११ व्होल्टचा ड्रायव्हरही १० वॅटचाच असतो. त्यावर ही माळ पेटणारच नाही. १२ किंवा २४ व्होल्टच्या पट्ट्यांवर रोधक आधीच बसवलेले असतात, त्यांना स्थिर व्होल्टेजचा ड्रायव्हर लागतो. तिथे वॅट महत्त्वाचे: ६० वॅटच्या पट्टीला ७५ वॅटचा घ्यावा.

येणारी वीज कशी आहे, हेही पाहावे लागते. रेल्वेचे डबे हे याचे उदाहरण. लखनौच्या मानकनगरात १९५७ साली स्थापन झालेली आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन व मानक संस्था डब्यांतल्या दिव्यांचे तांत्रिक निकष ठरवते. जुन्या बिनवातानुकूलित डब्यांत दिव्यांना ११० व्होल्ट डीसी वीज मिळते. गाडी धावताना चाकांच्या आसावरून पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर दिवे चालवतो, बॅटरीही चार्ज करतो. गाडी थांबली की सगळा भार बॅटरीवर. व्होल्टेज त्यानुसार वरखाली होते. हा चढउतार पोटात घेऊन दिव्याला एकसारखा प्रवाह देणारा ड्रायव्हरच डब्यात टिकतो. घरच्या २३० व्होल्ट एसीवर अडचण वेगळी: स्वस्त ड्रायव्हरमधून सेकंदाला १०० वेळा लुकलुकणारा प्रकाश येतो.

ड्रायव्हरचे आयुष्य बहुधा त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ठरवतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. मे-जूनमध्ये लखनौचा पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि बंद फिटिंगच्या आत उष्णता त्याहून बरीच जास्त असते. अशा ठिकाणी १०५ अंशांपर्यंत चालणारा कपॅसिटर असलेला ड्रायव्हर घ्यावा. उघड्यावर लावायचा तर धूळ-पाणी रोखणारा आयपी६५ किंवा आयपी६७ दर्जाचा आणि सर्ज संरक्षण असलेला. दिव्याच्या धातूच्या भागाला हात लागण्यासारखे असेल, तर मुख्य वीजपुरवठ्यापासून विलग असलेलाच ड्रायव्हर निवडावा. विलग नसलेला स्वस्त पडतो, पण त्यात शॉकचा धोका असतो.