अपघात, तडजोड आणि नुकसानभरपाई

उसाचा हंगाम सुरू झाला की देवळाली प्रवरा, राहुरी फॅक्टरी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचे रस्ते रात्री उशिरापर्यंत वाहत असतात. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलांच्या टायरगाड्या, ट्रक, आणि जवळच नगर-मनमाड रस्त्यावर शिर्डीकडे धावणाऱ्या मोटारी. या गर्दीत आपली माणसे बहुधा पायी, सायकलवर नाही तर जुन्या मोटारसायकलवर असतात. त्यामुळे अपघात झाला की हातपाय मोडून घेणारा बहुतेक वेळा आपल्यापैकीच कोणी तरी असतो. दवाखाना होतो, कर्ज होते, घरातला कमावता माणूस वर्षभर खाटेवर पडतो. आणि त्याला कायद्याने जे मिळायला हवे होते ते मात्र राहून जाते. हे का घडते आणि ते टाळण्यासाठी काय करावे, याची माहिती या लेखात देण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आम्ही वकील नाही. बँकेत कारकुनी करतो आणि शिक्षण कला शाखेचे. तरीही या विषयावर लिहिण्याचे कारण आहे, व ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आम्ही लिहिलेला कागद

डिसेंबर २०१४ मधील गोष्ट. आमचा चुलतभाऊ, वय बत्तीस, शेतमजुरी करणारा, संध्याकाळी सायकलवरून घरी येत असताना उसाच्या मोकळ्या ट्रॉलीचा धक्का लागून पडला. डाव्या मांडीचे हाड मोडले. ट्रॅक्टरवाला पंचक्रोशीतलाच. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला, हात जोडले, पंचवीस हजार रुपये दिले आणि केस करू नका म्हणाला. गावात राहायचे आहे, पुढेही याच लोकांच्या शेतात कामाला जायचे आहे, वैर कशाला, असा विचार वडीलधाऱ्यांनी केला. दवाखान्याच्या कागदावर "सायकलवरून पडून" अशी नोंद आम्हीच सांगितली. घरात शिकलेले आम्ही, म्हणून तडजोडीचा कागदही आमच्याच हाताने लिहिला गेला: "ट्रॅक्टरचा धक्का लागलेला नसून स्वतःच्या चुकीने पडलो. मालकाने माणुसकीच्या नात्याने मदत केली. आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही." अक्षर चांगले आले म्हणून त्या दिवशी आमचे कौतुकही झाले.

पुढे हाडात पू झाला. दुसरी शस्त्रक्रिया, तिसरी शस्त्रक्रिया. पंचवीस हजार तर पहिल्या महिन्यातच संपले होते. पाय आखूड राहिला आणि फडातले, शेतातले काम कायमचे सुटले. दोन वर्षांनी एका वकिलांकडे गेलो तेव्हा कळले की त्या ट्रॅक्टरचा विमा होता. म्हणजे भरपाई शेजाऱ्याच्या खिशातून नव्हे, विमा कंपनीकडून मिळाली असती. वकिलांनी कागद पाहिले आणि विचारले, "पोलिसात नोंद नाही, पंचनामा नाही, दवाखान्यात वाहनाचे नाव नाही, आणि चूक आमची असे तुम्हीच लिहून दिले आहे. आता पुरावा कशाचा द्यायचा?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

चुलतभावाने आम्हाला कधी बोल लावला नाही. आजही भेटला की आधी कुबडी भिंतीला टेकवतो आणि मग हात जोडतो. त्या कागदाचे ओझे मात्र आमच्यावर राहिले. तेव्हापासून आम्ही या विषयाचे जे वाचले, विचारले, समजून घेतले ते पुढे मांडतो.

वैर वेगळे, विमा वेगळा

पहिली गोष्ट मनातून काढून टाकावी ती ही की भरपाई मागणे म्हणजे वाहनमालकाशी भांडण. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक मोटार वाहनाचा त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा आहे. त्रयस्थ म्हणजे रस्त्यावरचे तुम्ही-आम्ही. मालक दरवर्षी हप्ता भरतो तो याचसाठी. तेव्हा विमा असताना त्याच्याकडून दहा-वीस हजार घेऊन गप्प बसणे हे आपले नुकसान आहेच, शिवाय त्याच्या खिशालाही विनाकारण भुर्दंड आहे. शेजारधर्म राखायचा असेल तर त्याला एवढेच सांगावे: आम्ही तुझे वाईट चिंतत नाही, पण नोंद होऊ दे आणि विम्याचा कागद दे.

दुसरी गोष्ट, भरपाई ही कोणाची मेहेरबानी नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. युद्धात जखमी होणाऱ्या कामगारांना भरपाई मिळावी यासाठीचे विमा विधेयक १९४३ साली त्यांनीच मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. श्रम करणाऱ्याचे शरीर हीच त्याची इस्टेट. तिची हानी झाली तर ती भरून मिळणे हा हक्क आहे, हे आपल्याला नव्याने कोणी शिकवण्याची गरज नसावी.

पहिल्या दोन दिवसांत काय करावे

आधी उपचार. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेप्रमाणे रस्ते अपघातातील जखमीला अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, योजनेत नेमलेल्या रुग्णालयात रोख पैसे न भरता उपचार मिळतात. रुग्णालयात याची विचारणा अवश्य करावी. जखमीला उचलून नेणाऱ्या माणसाला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही, हेही कायद्यात आता स्पष्ट आहे. म्हणून मदतीला घाबरू नये.

दवाखान्यात अपघात कसा झाला ते खरे सांगावे. वाहनाचा प्रकार व नंबर केसपेपरवर लिहून घ्यावा. आमची चूक इथेच झाली. पहिल्या दिवशीचा केसपेपर हा पुढे सर्वांत बोलका साक्षीदार ठरतो.

पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी व तिची प्रत घ्यावी. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. बेदरकारपणे वाहन चालवणे व त्यातून दुखापत करणे यांसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ व १२५ लागतात. घटनास्थळाचा पंचनामा झाला की नाही ते पाहावे. ट्रॅक्टर असेल तर ट्रॅक्टरचा आणि ट्रॉलीचा, दोन्हींचे नंबर नोंदवावेत, कारण दोन्हींच्या विम्याचा प्रश्न पुढे निघतो.

एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तपासी पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. हा सविस्तर अहवालच अर्ज म्हणून धरता येतो. पण कागद आपोआप हलतील या भरवशावर बसू नये.

अर्ज कोठे, किती दिवसांत

भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कलम १६६ खाली करावयाचा. हे न्यायाधिकरण जिल्हा न्यायालयाच्या ठिकाणी असते. अपघात जिथे झाला तिथे, किंवा जखमी जिथे राहतो तिथे, किंवा समोरचा जिथे राहतो तिथे अर्ज चालतो. म्हणजे पुण्याला कामाला गेलेल्या मुलाला तिकडे अपघात झाला तरी आई-वडिलांनी पुण्याच्या खेपा घालण्याचे कारण नाही. तो इथला रहिवासी असेल तर आपल्या जिल्ह्यात अर्ज करता येतो.

मुदत ध्यानात ठेवा. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीची अट गेली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करणे आवश्यक झाले. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या आशेवर दिवस घालवू नयेत. माणूस पूर्ण बरा होऊ दे, मग बघू, असे म्हणता म्हणता सहा महिने सहज जातात. उपचार चालू असतानाच अर्ज करावा.

वाहन पळून गेले व सापडलेच नाही तर? त्यासाठी वेगळी योजना आहे. मृत्यू झाल्यास दोन लाख व गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो.

आणखी एक तरतूद कलम १६४ ची. चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख मिळू शकतात. पण ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. कायमचे अपंगत्व आले असेल तर अडीच लाखांवर सही करण्यापूर्वी पुढील हिशेब मांडून पाहावा.

हिशेब कसा होतो

आम्ही आकड्यांत दिवस काढणारी माणसे, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. औषधोपचाराचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली मजुरी, पुढे लागणारा उपचार, वेदना व सुखाला मुकणे, आणि सर्वांत मोठे म्हणजे पुढील आयुष्यातील बुडणारी कमाई, अशी निरनिराळी कलमे असतात. शेवटच्या कलमासाठी वयानुसार गुणक ठरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा खटल्यात (२००९) दिलेल्या तक्त्याप्रमाणे २६ ते ३० वयाला १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, असा तो उतरत जातो.

आता आमच्या चुलतभावाचेच उदाहरण घेऊ. रोज २५० रुपये, महिन्याला २६ दिवस, म्हणजे ६,५०० रुपये, वर्षाचे ७८,०००. कमाईची क्षमता ४० टक्के गेली असे धरले तर वर्षाला ३१,२०० रुपयांचे नुकसान. गुणक १६. एकूण ४,९९,२००. प्रणय सेठी खटल्याच्या (२०१७) निकालाप्रमाणे चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी किंवा ठरावीक वेतनाच्या माणसाच्या उत्पन्नात भावी वाढीपोटी ४० टक्के मिळवतात. ती मिळवली तर आकडा ६,९८,८८० होतो. औषधपाण्याचा खर्च व अर्जाच्या तारखेपासूनचे व्याज वेगळे. न्यायाधिकरण प्रत्येक आकडा जसाच्या तसा मान्य करील असे नाही. पण कुठे सात लाख आणि कुठे पंचवीस हजार!

येथे अपंगत्वाच्या टक्केवारीबद्दल एक महत्त्वाची बाब. डॉक्टरांच्या दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईतील घट या दोन गोष्टी एक नाहीत. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरण दिले आहे की डावा हात गेला तर ड्रायव्हरची किंवा सुताराची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडू शकते, पण सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. आम्ही स्वतः कारकून, त्यामुळे हे वाक्य मनाला फार लागले. आमचा पाय मोडला असता तर आम्ही खुर्चीत बसून पगार घेतला असता. ऊस तोडणाऱ्याला, हमालाला, गवंड्याला तशी खुर्ची नाही. म्हणून अर्जात व साक्षीत काम कोणते, ते उभ्याने की बसून, ओझे किती, हे तपशिलाने सांगितले पाहिजे.

घरकाम करणाऱ्या बाईची कमाई नाही असे समजू नये. घरातील तिच्या श्रमाचेही मोल धरून भरपाई द्यावी, असे न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे.

कागद जपावेत

मजुराकडे पगारपत्रक नसते, तरी पुरावा असतो. बँकेचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड, मुकादमाची उचल लिहिलेली वही, बचत गटाच्या हप्त्यांच्या नोंदी, हे सर्व कमाई दाखवतात. औषधाची प्रत्येक पावती, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, गाडीभाड्याच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवाव्यात. अपंगत्वाचा दाखला जिल्हा रुग्णालयातून घ्यावा.

ट्रॉलीत बसून जाताना जखमी झालेल्या मजुराच्या बाबतीत विमा कंपनी बहुधा जबाबदारी नाकारते. तो कामावर असेल तर मालकाकडून भरपाई मागण्याचा दुसरा मार्ग आहे. १९२३ च्या कायद्याने मिळालेला हा हक्क २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. मात्र दोन्हींपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.

वकील, लोकअदालत आणि बँक

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्रिया, बालके, अपंग व औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा. "मिळेल त्यात इतके टक्के" असा करार करण्यास वकिलांना त्यांच्याच परिषदेच्या नियमांनी मनाई आहे, हेही माहीत असू द्यावे. लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून आकडा पटल्याशिवाय मान हलवू नये.

शेवटी बँकेच्या खिडकीमागून दिसणारी गोष्ट. भरपाईची रक्कम आली की दूरचे नातेवाईक जवळचे होतात. हे ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने सुसम्मा थॉमस खटल्यात अज्ञान मुले व निरक्षर अर्जदार यांची रक्कम मुदत ठेवीत ठेवण्याविषयी मार्गदर्शन केले. अशा ठेवीवर न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय कर्ज मिळत नाही. पुष्कळदा लोक आमच्यावर रागावतात, आमचेच पैसे अडवता म्हणतात. पण ती ठेव म्हणजे मोडलेल्या पायाच्या बदल्यात मिळालेली काठी आहे. ती एका लग्नात खर्चून टाकू नये.

आपल्या संस्थेने एक साधे काम हाती घ्यावे असे आम्ही सुचवतो. प्रत्येक वस्तीवर दोन शिकलेली मुले अशी असावीत की अपघाताची बातमी येताच ती दवाखान्यात जातील, केसपेपरवर खरी नोंद करून घेतील, फिर्यादीची प्रत आणतील आणि सहा महिन्यांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने मांडतील. आणि कोणी तडजोडीचा कागद लिहून मागितला तर त्यांनी पेन खिशातच ठेवावे. आम्ही ते त्या दिवशी काढले नसते तर आमच्या चुलतभावाचे घर आज वेगळे दिसले असते.