लांबचे भिंग आणि टिटवीची अंडी

आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यात सांबराची शिंगे आणि त्यांच्याखाली हातात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या आजोबांची तसबीर हटकून दिसत असे. संस्थानी अमदानीत रानाशी सोयरीक जडायची ती बंदुकीच्या नळीतून. पाळीव चित्ते सोडून काळवीट धरण्याचा कोल्हापूर दरबारचा षौक तर साऱ्या हिंदुस्थानात नावाजलेला होता. पुढे काळ पालटला. दरबारच्या शिकारीचे दाजीपूरचे रान १९५८ साली गव्यांचे अभयारण्य झाले आणि बंदुका कपाटात गेल्या. आता निपाणी-बेळगावकडच्या माळांवर हिवाळ्याच्या सकाळी जी मंडळी दबकत चालताना दिसतात, त्यांच्या हातीही लांब नळीच असते. पण तिच्या टोकाला शिसे नसून काच असते. पक्ष्यांचे फोटो काढण्याची ही हौस आता चांगल्या घरांतून रुजली आहे. म्हणूनच तिच्या गुणाबरोबर तिच्या दोषाचाही विचार करणे अगत्याचे आहे.

बेळगावच्या पक्ष्यांची पहिली पद्धतशीर नोंद कॅमेऱ्याने केलेली नाही. १८८० च्या सुमारास बेळगावच्या छावणीत कॅप्टन बटलर नावाचा एक लष्करी अंमलदार होता. दख्खन आणि दक्षिण महाराष्ट्रातील पक्ष्यांची त्याने केलेली यादी १८८१ साली 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात छापली गेली. त्याचे संपादक ॲलन ह्यूम, म्हणजे पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूमसाहेब. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो आधी मारायचा, कातडे सोलून पेंढा भरायचा आणि मग पुस्तकाशी ताडून पाहायचा. अंडी जमविणे हा तर साहेबलोकांचा मान्यताप्राप्त छंद होता. ज्ञान वाढले हे खरे. पण त्याची किंमत पक्ष्यांनी मोजली.

कॅमेरा आला तेव्हा ही किंमत उतरेल असे वाटले. इंग्लंडातील रिचर्ड आणि चेरी या कीर्टन बंधूंनी १८९० नंतरच्या दशकात घरट्यांचे फोटो काढण्यास आरंभ केला. पक्षी बुजू नयेत म्हणून त्यांनी चक्क एका बैलाचे कातडे सांगाड्यावर चढविले आणि त्या पोकळ बैलाच्या पोटात कॅमेऱ्यासह ते दडून बसत! आपल्या देशात लोदर या गृहस्थांनी झाडावर मचाण बांधून, कापडी आडोशात तासन् तास बसून पक्षी टिपले. त्यांचे पुस्तक १९४९ साली निघाले. डॉ. सलीम अली यांचे सिंगापूरचे मित्र लोक वान थो हेही याच पंथातले. या साऱ्यांची अडचण एकच होती. भिंगाची पोच कमी, म्हणून पक्ष्याच्या जवळ जाणे भाग. आणि पक्षी ठराविक जागी खात्रीने परत येतो ती जागा म्हणजे त्याचे घरटे. त्यामुळे जुने उत्तम फोटो बहुतेक घरट्यावरचे आहेत.

दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगाची, म्हणजे टेलिफोटो लेन्सची, रचना १८९१ साली इंग्लंडात डालमेयरने आणि त्याच सुमारास जर्मनीत इतरांनीही सिद्ध केली. हिशेब सोपा आहे. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे भिंग साधारण मानतात. ६०० मिलिमीटरचे भिंग त्याच्या बारा पट. म्हणजे साध्या भिंगाने दोन मीटरवरून जेवढा पक्षी दिसावा, तेवढा या भिंगाने चोवीस मीटरवरून दिसतो. पण काच फुकट काही देत नाही. पक्षी बारा पट होतो तसा हाताचा कंपही बारा पट होतो. म्हणून सेकंदाच्या सहाशेव्या भागाहून अधिक वेळ झडप उघडी ठेवू नये असा ठोकताळा आहे. नाहीतर तिपाई हवी. शिवाय स्पष्टतेची पट्टी इतकी अरुंद होते की चंडोलाचा डोळा रेखीव आला तरी शेपटी धुरकट होते.

त्यातून आमच्याकडचे ऊन! फेब्रुवारीनंतर तंबाखू निघालेली काळी रिकामी राने तापू लागली, की नऊ-दहा वाजताच जमिनीवरची हवा उकळल्यासारखी हालू लागते. आपण ज्याला मृगजळ म्हणतो त्याचाच हा भाऊबंद. कितीही महागडे भिंग असले तरी या हवेपुढे त्याचे काही चालत नाही. म्हणून जाणता माणूस सूर्योदयाबरोबर माळावर असतो आणि न्याहारीला घरी परततो.

आणि पाहण्यासारखे किती आहे! गोकाक तालुक्यात धुपदाळला घटप्रभेचे पाणी अडविले आहे. तेथील पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात मध्य आशियाकडून आलेले कांड्या करकोचे उतरतात. वेदगंगा-दूधगंगेच्या काठी खंड्या, तारेवर नीलकंठ आणि वेडा राघू, गुरांच्या पाठीवर कोतवाल. खाली खानापूरच्या बाजूला भीमगडच्या जंगलात धनेश. १९५६ साली या मुलुखाच्या मधोमध राज्याची सीमा आखली गेली आणि त्याचे दुःख कित्येक घरांनी सोसले. पण पाखरांचा हा सारा गोतावळा अजून एकत्र नांदतो आहे.

या गोतावळ्यात आपल्या अंगणाला सर्वांत जवळची टिटवी. ती झाडावर घरटे बांधत नाही. माळावर चार खडे सारून त्यात खड्यांच्याच रंगाची, बहुधा चार, अंडी घालते. वैशाखाच्या उन्हात ती अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली धरण्यासाठी. पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून यायचे आणि त्या ओलाव्याने अंडी निववायची, असा तिचा दिवसभराचा खटाटोप असतो. अशा वेळी कोणी हौशी माणूस 'आणखी एक, आणखी एक' करीत तिथेच रेंगाळला, तर टिटवी डोक्यावर घिरट्या घालीत ओरडत राहते आणि खाली अंडी उघड्यावर भाजतात. फोटो सुरेख येतो, पिल्ले येत नाहीत. धनेशाची गोष्ट याहून बिकट. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून कोंडून घेते. फटीतून चोच तेवढी बाहेर. नर उंबर-वडाची फळे आणून तिला भरवितो. झाडाखाली माणसांचा घोळका जमला तर नर खाली उतरत नाही, आणि आत मायलेकरे उपाशी राहतात.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या केली, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना अथवा घरट्यांना त्रास देणे हेही घातले आहे. म्हणजे बंदूक टाकली म्हणून शिकार सुटली असे नव्हे! घरट्यापुढची फांदी उजेडासाठी तोडणे, आमिष मांडणे, मोबाइलवर नराची शीळ वाजवून दुसऱ्या नराला खोट्या भांडणास बोलाविणे, घरट्याचा ठावठिकाणा चारचौघांत जाहीर करणे, हे सारे त्याच वाटेने जाते.

वस्तुतः लांब भिंगाने या हौशीला फार मोठी मोकळीक दिली आहे. कीर्टन बंधूंना बैलाच्या पोटात शिरावे लागले, कारण त्यांना जवळ जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपणांस ते आहे. भिंगाची पोच वाढली ती आपण आणखी जवळ सरकावे म्हणून नव्हे, तर दूर थांबावे म्हणून. पक्षी आपले खाणे-पिणे सोडून आपल्याकडे पाहू लागला, की दोन पावले मागे यावे. आणि टिटवी ओरडू लागली, की कॅमेरा खाली करून वाट धरावी. एवढी रीत घरातल्या मुलांना शिकविली तरी पुष्कळ झाले.

टिटवीने समुद्र आटविल्याची म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. त्या कथेत तिची अंडी समुद्राने नेली होती, आणि तिच्या कैवारासाठी प्रत्यक्ष गरुडाला यावे लागले. माळावरच्या टिटवीला असा कैवारी नाही. तिची अंडी राखणे वा न राखणे हे पन्नास पावलांवर उभ्या असलेल्या माणसाच्याच हाती आहे.