अंदाजे वजन 3840 ग्रॅम

सोनोग्राफीच्या खोलीत दिवा मंद, आणि भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा ठसठशीत फलक. पलंगावरच्या बाईला पडद्यावर राखाडी धुक्याशिवाय काही दिसत नाही. सोनोलॉजिस्ट मात्र त्या धुक्यात चार मापं शोधत असतात: डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी. बाकीची तीन चटकन मिळतात. वेळ खातो तो पोटाचा घेर. छेद अगदी आडवा, गोल यावा लागतो. जठराचा काळा ठिपका आणि नाळेकडून येऊन यकृतात वळणारी शीर दोन्ही एकाच चित्रात दिसावी लागतात. प्रोब जरा तिरका झाला की गोलाचा लंबगोल होतो, घेर वाढतो आणि कागदावर बाळ जड होतं. तेवढ्यात बाळ पाय झाडतं. मग पुन्हा पहिल्यापासून.

मापं भरली की पुढचं गणित मशीनच करतं. सूत्र बहुधा फ्रँक हॅडलॉक या ह्यूस्टनच्या रेडिऑलॉजिस्टचं आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, 1985 सालचं. त्या दिवशी रिपोर्टवर छापून आलं: अंदाजे वजन 3840 ग्रॅम. शेजारी बारीक अक्षरात, अधिक-उणे 15 टक्के. म्हणजे आतलं बाळ सव्वातीन किलोचं असू शकतं आणि चार किलो चारशेचंही. पण ते बारीक अक्षर वाचतो कोण! ती खोलीबाहेर येऊन बाकावर टेकेपर्यंत सासूबाईंनी शेजारणीला सांगूनही टाकलं होतं, “चार किलोचं आहे म्हणे.”

तालुक्याच्या गावातल्या या प्रसूतिगृहात मी डॉक्टर बाईंच्या आणि पेशंटच्या परवानगीने कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत असे. मला बघायचं होतं ते एवढंच, की हा ‘अंदाजे’ आकडा बाईला सांगतात कसा. आपल्याकडे बाळाचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्या आसपास असतं. तिथे 3840 ऐकल्यावर घरातल्यांची झोप उडणार हे उघड आहे.

ती दुसरटकरीण होती. सदतीस आठवडे पूर्ण. पहिलं बाळंतपण माहेरी, नॉर्मल, बाळ तीन किलो दोनशे. या खेपेला पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं तेव्हा साखर 140च्या वर गेली होती. तेव्हापासून भात मोजून, जेवणानंतर चालणं. गोळी किंवा इन्सुलिनची वेळ आली नव्हती.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, बाजूला ठेवला आणि टेप काढला. ओटीपोटाच्या हाडापासून पिशवीच्या टोकापर्यंत सदतीस सेंटिमीटर. डोकं अजून वरच होतं, म्हणून सदतीसमधून बारा वजा, उरलेल्याला एकशे पंचावन्नने गुणायचं: 3875. हे जॉन्सनचं सूत्र, टेपपलीकडे काही न मागणारं. “दोन्ही अंदाज जुळले,” नवरा म्हणाला. “जुळले खरे,” डॉक्टर म्हणाल्या, “पण दोघं मिळूनही चुकू शकतात.” मग तिच्याकडे वळून, “तुला काय वाटतं गं? पहिल्यापेक्षा जड वाटतं?” मला हा प्रश्न समजुतीखातर विचारल्यासारखा वाटला होता, पण तसं नाही. आधी एक बाळंतपण झालेल्या बायकांचा स्वतःचा अंदाज डॉक्टरांच्या हाताच्या आणि मशीनच्या अंदाजाच्या तोडीचा निघतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. “जड आहे मॅडम,” ती म्हणाली. “चालताना कळतं.”

आता खरी अडचण सुरू होते. 2008 साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी एक शोधनिबंध लिहिला. त्याच्या शीर्षकाचा मथितार्थ असा, की बाळ मोठं असल्याचा संशय आला तर न सांगितलेलंच बरं. कारण संशय एकदा नोंदला गेला की सिझर वाढतात आणि बाळांची इजा काही त्या प्रमाणात कमी होत नाही. डॉक्टर लवकर हात टेकतात, बाई आधीच घाबरलेली असते. उलट बाजूला स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशरचा खटला आहे. नदीन माँटगोमेरी उंचीने लहान, मधुमेही. अशा बाईच्या बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता नऊ-दहा टक्के असते हे तिच्या डॉक्टरांना माहीत होतं. त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं तर बायका सिझरच मागतील, हे त्यांचं कारण. 1999मध्ये डोकं बाहेर आल्यावर खांदा सुटायला बारा मिनिटं गेली आणि मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. 2015 साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला: त्या बाईला जो धोका महत्त्वाचा वाटला असता, तो सांगणं डॉक्टरचं कर्तव्य आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही 2008मध्ये समीरा कोहली खटल्यात उपचाराचे धोके आणि पर्याय पेशंटला पुरेसे समजावून मगच संमती घ्यावी असं म्हटलं होतं.

म्हणजे सांगितलं तर त्रास, न सांगितलं तर अन्याय. मला विचाराल तर न सांगण्याची बाजू मुळातच लंगडी आहे. शरीर तिचं आहे. पण आकडा नुसता अंगावर टाकणं म्हणजे सांगणं नव्हे, हे त्या टेबलाशी बसून पटलं.

डॉक्टरांनी वजनाऐवजी साखरेपासून सुरुवात केली. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त तयार करतं आणि चरबी साठवतं. ती चरबी चढते खांद्यांवर आणि पोटावर. डोकं तेवढंच राहतं. “म्हणून डोकं आलं तरी खांदा ओटीपोटाच्या हाडामागे अडकू शकतो. सगळ्यांचा अडकत नाही. अडकलेल्यांत बहुतेकींचा आम्ही सोडवतो. क्वचित बाळाच्या मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणतात, हात लुळा पडतो; त्यातले बरेच सुधारतात, थोडे नाही सुधारत.” कुठलंही वाक्य त्यांनी मऊ केलं नाही. सासूबाईंचा हात सुनेच्या पाठीवर गेला.

“मग सिझरच करा ना,” नवरा म्हणाला.

सिझरचा हिशेब असा. 1996च्या एका अमेरिकी विश्लेषणात निघालं, की साडेचार किलोच्या अंदाजावर मधुमेह नसलेल्या बायकांची सिझर करत गेलं तर हाताची एक कायमची इजा टाळायला 3695 सिझर करावी लागतील. मधुमेह असेल तर 443. अमेरिकेत स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना मधुमेही बाईला साडेचार किलोपासून सिझरचा पर्याय द्यावा म्हणते, इतरांना पाच किलोपासून. आपल्या केंद्र सरकारच्या 2018च्या सूचनांत गरोदरपणातला मधुमेह असेल तर चार किलोच्या वर सिझरचा विचार करावा असं आहे. ‘विचार करावा’, करावंच असं नाही. आणि 3840 या आकड्याची दोन्ही टोकं तर त्या चार किलोच्या अल्याड-पल्याड पडतात.

सिझरची किंमत डॉक्टरांनी पैशात सांगितली नाही. ती नवऱ्याने बाहेर काउंटरवर विचारली. टाके, घरी तीन वर्षांचं मूल कडेवर मागणार ते, आणि पुढच्या गरोदरपणात जुन्या टाक्यावर वार चिकटण्याची भीती. तिसरं मूल नको असेल तर हा शेवटचा मुद्दा गळतो, हेही त्यांनीच सांगितलं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या खासगी दवाखान्यांत जवळजवळ निम्मी बाळंतपणं सिझरने झाली होती, सरकारी दवाखान्यांत सातांपैकी एखादं. हा फरक फक्त बाळांच्या आकारामुळे पडला असं कुणी म्हणणार नाही.

मधला रस्ता म्हणजे बाळ आणखी वाढण्याआधी कळा आणणं. 2025 साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या 106 रुग्णालयांतला, 2893 बायकांचा अभ्यास आला. अडतिसाव्या आठवड्यात कळा आणायचं ठरवलेल्या गटात खांदा अडकला 2.3 टक्के, नेहमीप्रमाणे वाट पाहणाऱ्यांत 3.1 टक्के. फरक इतका बारीक की योगायोगानेही पडू शकेल.

प्रसूतिगृहाची खरी तयारी मी बघितली ती मात्र कन्सल्टिंग रूममध्ये नाही, लेबर रूममध्ये, दुपारच्या रिकाम्या वेळी. टेबलावर प्लास्टिकचं ओटीपोट आणि कापडी अंगाची बाहुली. डॉक्टर बाहुलीचं डोकं बाहेर काढतात आणि ते परत आत ओढलं जातं. याला कासवाची खूण म्हणतात. “खांदा!” सिस्टर मोठ्याने सांगतात. दुसरी घड्याळ बघून वेळ पुकारते. पहिला नियम, ओढायचं नाही. दुसरा, पोट वरून दाबायचं नाही. हा दुसरा नियम डॉक्टर दरवेळी आवाज चढवून सांगतात, कारण घाबरलेला हात नेमका तिथेच जातो आणि खांदा आणखी घट्ट रुततो. दोघी दोन्ही मांड्या बाईच्या पोटावर घेतात; कटी फिरते, वाट सरळ होते. ही मॅकरॉबर्ट्सची पद्धत. तेही ह्यूस्टनचेच. एका ह्यूस्टनकराने वजनाचा अंदाज दिला आणि दुसऱ्याने, अंदाज कितीही चुको, काय करायचं ते. तिसरी तळहाताने ओटीपोटाच्या हाडाच्या वर, बाळाच्या पाठीच्या बाजूने दाब देते. सिस्टर ठेंगण्या, त्यांना स्टूल लागतं. नाही सुटलं तर आत हात घालून मागचा हात काढायचा, नाहीतर बाईला ओणवं करायचं. ओणवं करण्याची ही रीत अमेरिकन सुईण आयना मे गॅस्किन यांनी प्रचारात आणली, ग्वाटेमालातल्या सुईणींकडून आलेली म्हणून. सराव संपला की पुन्हा पहिल्यापासून, यावेळी दाब द्यायची पाळी आयाबाईंची.

एवढी तालीम का? कारण खांदे अडकतात त्यांतली निम्म्याच्या आसपास बाळं चार किलोच्या आतली असतात. त्यांच्या रिपोर्टवर कुणी भुवई उंचावलेली नसते.

तिने चार दिवसांनी येऊन सांगितलं: एकोणचाळीस आठवड्यांपर्यंत वाट बघते, नाहीच आल्या तर कळा आणा. घरी काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही आणि डॉक्टरांनी विचारलं नाही. नवऱ्याला वजन पुन्हा बघायचं होतं. “इतक्या लवकर बघून फक्त मशीनची चूक मोजाल,” असं म्हणून डॉक्टरांनी त्याला परत पाठवलं. कळा आपणहून आल्या. खांदा जरा थांबला, मांड्या वर घेतल्यावर सुटला. काट्यावर बाळ 4 किलो 60 ग्रॅम भरलं. आधी अंगावर पाजून, मग टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन त्याची साखर तपासली, ठीक होती. कॉरिडॉरमध्ये ‘तरी म्हटलं होतं सिझर करा’ म्हणणारे होते, तसेच ‘बघा, झालंच ना नॉर्मल’ म्हणणारेही.

त्याच आठवड्यात दुसरी एक पहिलटकरीण आली. शुगर नाही, अंदाज साडेतीन किलो. हिच्या बहिणीच्या मुलाचा हात जन्मतःच लुळा पडलेला, सहा वर्षं झाली. डॉक्टरांनी तिलाही सगळा हिशेब तसाच मांडून दाखवला. तिने ऐकून घेतला आणि म्हणाली, “मला सिझरच हवं.” डॉक्टरांनी वाद घातला नाही. तारखेचं निघालं तेव्हा सोबतच्या आजींनी पिशवीतून कॅलेंडर काढलं. त्यांना अमावास्या टाळायची होती आणि नक्षत्रही बघायचं होतं.

“एकोणचाळीस आठवडे भरू द्या आजी,” डॉक्टर म्हणाल्या, “त्यापुढचा कुठलाही मुहूर्त तुमचा. फक्त रविवार सोडून, माझे भूलतज्ज्ञ गावाला जातात.”