बटण मुकं होतं तेव्हा



आकडेमोड करणारं यंत्र आपल्याकडे किराणा दुकानाच्या गल्ल्यावर दिसतं, इंजिनिअरिंगच्या मुलांच्या दप्तरात दिसतं. आज मी बोलणार आहे ते त्याच्या थोरल्या भावाविषयी. त्याचं नाव ग्राफिंग कॅल्क्युलेटर. समीकरण टाकलं की त्याचा आलेख इवल्याशा पडद्यावर काढून दाखवणारं हे यंत्र. कॅसिओ कंपनीनं १९८५ मध्ये एफएक्स-७०००जी बाजारात आणलं, तिथून या जातीची सुरुवात झाली. १९९० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचं टीआय-८१ आलं, २००४ मध्ये टीआय-८४ प्लस आलं आणि अमेरिकेतल्या हायस्कुलांत हे यंत्र कंपासपेटीसारखं गरजेचं होऊन बसलं. तिथं स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलंही त्यावरच गणित शिकली. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या आयबी अभ्यासक्रमाच्या शाळांत ते लागतं. अमेरिकेतली सॅट परीक्षा २०२४ पासून संगणकावर गेली आणि आलेखाची सोय पडद्यावरच आली. तरी वर्गातून हे हातातलं यंत्र काही हटलेलं नाही.

अडचण किमतीची. नवं टीआय-८४ घ्यायचं तर शंभर डॉलरच्या वर मोजावे लागतात. मग लोक वापरलेलं घेतात. थोरल्या भावंडाचं, शेजारच्या मुलाचं, नाहीतर जुन्या बाजारातलं. यंत्र चालू होतं, पडदा उजळ असतो, फक्त दोनचार बटणं ऐकत नाहीत. अशा वेळी ते फेकायचं की वापरायचं?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. पूर्ण मेलेलं बटण तितकंसं धोक्याचं नसतं. ते मेलंय हे लगेच कळतं. धोका असतो तो अर्धमेल्या बटणाचा. दहादा दाबलं तर नऊदा उठतं आणि दहाव्यांदा गप्प राहतं. कवितेत एक काना गळाला तर ‘मान’चं ‘मन’ होतं, आणि वाचणाऱ्याला चूक कळतही नाही, कारण ‘मन’ हाही खरा शब्दच आहे. तसंच इथं. १०५० मधलं एक शून्य गळलं की १५० उरतात. यंत्र तक्रार करत नाही, १५० चं उत्तर बिनचूक काढून देतं. मार्क मात्र मुलाचे जातात.

तेव्हा पहिला प्रश्न असा विचारायचा की दोष खरोखर बटणाचा आहे का? वापरलेल्या यंत्रात आधीच्या मालकाच्या सवयी राहून गेलेल्या असतात. साईन ३० चं उत्तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ आलं, तर बटण ठीक आहे. यंत्र अंशांऐवजी रेडियनमध्ये लावलेलं आहे. आकडा दाबला की अक्षर उमटतं? मग अल्फाचं कुलूप लागलेलं आहे. ‘सिंटॅक्स एरर’ येतो? या यंत्रांवर वजाबाकीचं चिन्ह वेगळं आणि ऋण संख्येचं, कंसातलं, वेगळं असतं. एकाच्या जागी दुसरं दाबलं गेलंय का ते पाहा. पडदाच कोरा असेल तर ‘सेकंड’ दाबून मग वरचा बाण धरून ठेवा; कदाचित काळेपणा कमी झालेला असेल. आलेख मागितल्यावर ‘डायमेन्शन’ची तक्रार येत असेल, तर जुन्या मालकानं सांख्यिकीचा आलेख चालू ठेवलेला असतो. सेल नवे घालून, मेमरीच्या यादीतून रॅम रिसेट केली की यातली बरीच दुखणी जातात. रॅममधलं सगळं पुसलं जातं, म्हणून कामाचे प्रोग्रॅम आधी संगणकात किंवा दुसऱ्या यंत्रात उतरवून घ्या. यादीतला क्रमांक दाबायचं बटणच बंद असेल तर बाणांनी खाली जाऊन एंटर दाबा. काम तेच होतं.

एवढं करूनही बटण मुकंच असेल, तर आत काय आहे ते समजून घेऊ. प्लॅस्टिकच्या बटणांखाली रबराची एक चादर असते. प्रत्येक बटणाखाली तिला फुगवटा, आणि फुगवट्याच्या पोटात कार्बनची काळी टिकली. बटण दाबलं की टिकली खालच्या सर्किट बोर्डावरच्या दोन तुटक रेषांवर टेकते आणि वीज एकीकडून दुसरीकडे जाते. बोट उचललं की रबर वर येतं. बस, एवढंच.

टीआय-८४ प्लसला पन्नास बटणं आहेत. प्रत्येकाला स्वतंत्र तार दिली असती तर पसारा झाला असता. म्हणून उभ्या-आडव्या रेषांची जाळी केलेली असते, आणि कुठली उभी कुठल्या आडवीला भिडली यावरून यंत्र बटण ओळखतं. फक्त ‘ऑन’ या जाळीबाहेर आहे. निदानाची किल्ली या जाळीतच आहे.

एका कागदावर सगळ्या बटणांचा नकाशा काढा आणि न चालणाऱ्यांवर फुली मारा. फुली एकटीदुकटी असेल, तर त्या बटणाखाली धूळ आहे, सांडलेलं सरबत आहे किंवा टिकली झिजली आहे. फुल्या उभ्या ओळीत आल्या, समजा ३, ६, ९ आणि त्यावरचं टॅन सगळेच गप्प, तर तितकी बटणं एकाच वेळी झिजत नाहीत. त्यांची सामायिक रेषा कुठंतरी तुटली आहे. ७, ८, ९ आणि गुणाकार एकदम गेले, तर आडवी रेषा. आणि एकही बटण ऐकत नसेल, तर एखादं बटण आत रुतून बसलंय का पाहा. कोणीतरी बोट ठेवूनच आहे असं यंत्राला वाटतं आणि निर्दोष बटणंही अडून राहतात. एकदा दाबलं की दोनदा उमटतं, हे बहुधा मळाचं लक्षण. टिकली नीट न टेकता थरथरते.

आता उपाय. सेल काढा. सेलच्या कप्प्यात पांढरी भुकटी दिसली, तर अल्कलाईन सेल गळला आहे. कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून फक्त तेवढे पत्रे पुसा, मग ओल्या फडक्यानं पुसून वाळवा. चिकट बटणाच्या कडेनं आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब सोडून ते पंधरावीस वेळा दाबा. बरीच बटणं इथंच बोलू लागतात. नाही बोलली तर यंत्र उघडावं लागतं. स्क्रू कुठून कुठला निघाला ते लिहून ठेवा आणि पडद्याकडे जाणाऱ्या पट्टीला ताण देऊ नका. बोर्डावरचे काळे ठसे अल्कोहोलनं हलकेच पुसा. पॉलिश पेपर लावाल तर ठसाच निघून जाईल. नखांचं पॉलिश काढायचं ॲसिटोन आणि थिनर तर लांबच ठेवा, प्लॅस्टिक विरघळतं. झिजलेल्या टिकलीवर मऊ शिसपेन्सिल घासली की ती काही दिवस चालते, पण ही मलमपट्टी झाली. रेषा तुटली असेल तर तो डागकाम जाणणाऱ्या माणसाचा प्रांत. आणि चार्ज होणाऱ्या नव्या रंगीत यंत्राची बॅटरी फुगली असेल, तर तिला सुरी-स्क्रू ड्रायव्हर लावू नका.

दुरुस्ती झाली म्हणजे परीक्षा यंत्राची. १२३४५६७८९ × ८ + ९ करा. उत्तर ९८७६५४३२१ आलं पाहिजे. एक ते नऊ सगळ्यांची हजेरी लागते. शून्यासाठी १०१०१०१ × ९, उत्तर ९०९०९०९. दोन्ही वीस-वीस वेळा करा. एकदा जरी चुकलं तरी ते यंत्र घरच्या अभ्यासाला ठेवा, परीक्षेच्या हॉलमध्ये नेऊ नका. विकत घेतानाही विक्रेत्यासमोर हे दोन गुणाकार करून पाहायला दोन मिनिटं पुरतात.

शेवटचं सांगणं मुलांना. उत्तर लिहिण्याआधी पडद्यावर टाकलेला आकडा एकदा वाचा. दाबलं ते उमटलंच असेल, हे गृहीत धरू नका. यंत्र नवं असो की जुनं, त्याला गळलेलं शून्य दिसत नाही. ते पाहायला डोळे आपलेच लागतात.