मंडालेच्या भिंतीपलीकडे

मंडाले म्हटले की मराठी माणसाला तुरुंग आठवतो. १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, मंडालेच्या किल्ल्यातील तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहून काढले आणि १९१४ च्या जूनमध्ये त्यांची सुटका झाली, एवढे आपल्याला शाळेपासून पाठ असते. त्या किल्ल्याच्या भिंतीपलीकडे काय आहे, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. ते पाहावे म्हणून २०१८ च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही उभयता कलकत्त्याहून विमानाने रंगूनला उतरलो. १९८९ पासून ब्रह्मदेशाचे म्यानमार, रंगूनचे यांगोन आणि पगानचे बागान झाले आहे. पण आपल्या वाडवडिलांच्या तोंडी जी नावे होती तीच येथे ठेवतो.

तुमचा जन्म कोणत्या वारचा?

रंगूनमध्ये पाऊल ठेवल्यावर पहिले दर्शन श्वेडगॉनचे. टेकडीवरचा हा सोन्याने मढवलेला स्तूप सुमारे सव्वातीनशे फूट उंच आहे. पायथ्याशीच जोडे आणि मोजेही काढावे लागतात. वर गेल्यावर कळते की, येथे भाविकाला आपला जन्मवार ठाऊक असावा लागतो. स्तूपाभोवती वारांची आठ स्थाने आहेत. वार सात आणि स्थाने आठ कशी? तर बुधवारचे दोन भाग केलेले : सकाळचा बुध निराळा आणि दुपारनंतरचा राहूचा निराळा. ज्याने त्याने आपल्या वाराच्या मूर्तीवर वाटीवाटीने पाणी घालायचे. प्रत्येक वाराला एकेक प्राणी नेमून दिलेला. माझ्या सोमवारला वाघ मिळाला आणि सौ.च्या गुरुवारला उंदीर! "अगं, गणपतीचे वाहन ते," अशी मी समजूत घातली, पण वाघ माझ्या वाट्याला आला हे काही तिला रुचले नाही.

हा स्तूप अतिप्राचीन मानला जातो. तरीही आज आपण पाहतो ती त्याची उंची अठराव्या शतकातली. १७६८ च्या भूकंपात त्याचा माथा कोसळला. तेव्हा राजा सिनब्यूशिनने तो पूर्वीपेक्षाही उंच करून बांधला. पडले की बांधायचे, आणि बांधताना थोडे अधिक द्यायचे, ही तिथली रीत. पुढच्या प्रवासात ती जागोजाग दिसली.

सोन्याचा वर्ख

मंडालेत वर्ख कुटणाऱ्यांचा मोहल्ला आहे. सोन्याचे बारीक तुकडे बांबूच्या कागदांत घालून त्यांची थप्पी बांधतात आणि उघड्या अंगाचे जवान ती जड हातोड्यांनी तासन् तास कुटत राहतात. वेळ मोजायला घड्याळ नाही. भोक पाडलेली नारळाची करवंटी पाण्यात सोडलेली. ती भरून बुडाली की एक फेरी संपली. आपल्या लग्नातले घटिकापात्रच ते! फरक एवढाच की, इथे ते बुडाल्यावर अक्षता पडत नाहीत, दमलेल्या माणसाचा हातोडा थांबतो.

हा वर्ख जातो महामुनीच्या मंदिरात. अठराव्या शतकाच्या अखेरीस आराकान जिंकून तिथून आणलेली ही बुद्धमूर्ती. भाविक रोज तिच्या अंगाला वर्ख चिकटवतात. पिढ्यान् पिढ्या थरावर थर चढून तिचे अंग ओबडधोबड झाले आहे. मुख मात्र दररोज पहाटे भिक्षू धुऊन पुसतात, म्हणून ते तेवढे लखलखीत राहिले आहे. स्त्रियांना मूर्तीपाशी जाऊन वर्ख लावण्याची मुभा नाही. त्यांनी दुरून पाहायचे, नाही तर बाहेर मांडलेल्या दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. "म्हणजे सोने आम्ही द्यायचे आणि पुण्य तुमच्या हातून जायचे!" सौ. म्हणाली. त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

हललेला राजवाडा

मिंडन राजाने १८५७ मध्ये मंडाले वसवले. जुनी राजधानी अमरापूर येथल्या राजवाड्याचे सागवान सोडवून ते हत्तींकरवी इथे आणले आणि नवा राजवाडा उभा केला. १८७८ मध्ये मिंडन वारला, ते दालन त्याचा मुलगा थिबा याने मोडून किल्ल्याबाहेर नेले आणि त्याचा मठ केला. तोच आजचा श्वेनंडॉ मठ. १९४५ च्या मार्चमध्ये लढाईच्या धामधुमीत अवघा राजवाडा जळून खाक झाला. हे दालन बाहेर होते म्हणून वाचले. त्याच्या काळवंडलेल्या कोरीव दारांपुढे उभे राहिले की, जळून गेले ते काय असेल याची कल्पना येते. किल्ल्यात आज दिसतो तो राजवाडा १९९० नंतरच्या दशकातला, काँक्रीटचा आणि पत्र्याचा. किल्ल्याचा बाकीचा भाग लष्कराकडे. परदेशी प्रवाशाला पूर्वेच्या दरवाज्याने आत घेत आणि राजवाड्याच्या वाटेवरून ढळू देत नसत. त्यामुळे टिळकांच्या तुरुंगाच्या जागी जाऊन नमस्कार करण्याची इच्छा तशीच राहिली.

पगान आणि पाठशुद्धी

इरावतीच्या काठी पगानच्या माळावर अकराव्या ते तेराव्या शतकांत उभारलेली विटांची देवळे पसरली आहेत. आज लहानमोठी सुमारे साडेतीन हजार वास्तू मोजल्या जातात. त्यांत बुद्धगयेच्या देवळाची प्रतिकृती आहे, विष्णूचेही एक देऊळ आहे. सर्वांत देखणे आनंद मंदिर. त्यात चार दिशांना चार उभे बुद्ध. दक्षिणेचा बुद्ध जवळून पाहावा तर गंभीर, आणि पावलापावलाने मागे सरकावे तसतसा हसरा होत जातो!

१९७५ च्या भूकंपाने येथे मोठी पडझड झाली. पुढे १९९० नंतर सरकारने कित्येक ढिगाऱ्यांवर नव्या विटांची शिखरे चढवली. पंडित संतापले : मूळ शिखर कसे होते हे ठाऊक नसता नवे कशाला? भाविकांना या संतापाचा अर्थ कळेना. स्तूप दुरुस्त करणे हे पुण्यकर्म. ते कसे टाळायचे? जागतिक वारशाच्या यादीत पगानचे नाव यायला २०१९ साल उजाडले.

मराठीच्या अध्यापकाला हा वाद परका नाही. नकला होत गेल्या म्हणून ज्ञानेश्वरी टिकली, आणि नकला करणाऱ्यांच्या हातूनच तिच्यात अपपाठ शिरले. १५८४ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला, पण स्वतःची भर घातली नाही. पगानला भाविकांचे हात भरपूर लाभले. हवी होती ती नाथांची शिस्त. आपल्या पुरातत्त्व खात्याने आनंद मंदिराच्या जतनाचे काम केले, त्याचा तिथे अभिमान वाटला.

देवळांतून मन काढून दोन दिवस इनले सरोवरावर काढावेत. भोवती शान प्रांताचे डोंगर, मध्ये खांबांवर उभी गावे. कोळी होडीच्या टोकाला एका पायावर उभा राहतो आणि दुसऱ्या पायाने वल्हे मारतो, म्हणजे जाळ्याला दोन्ही हात मोकळे! पाणवनस्पतींच्या तरंगत्या वाफ्यांवर टोमॅटोचे मळे पिकतात, आणि ते खुडायला बायका होडीतून जातात.

आणि आज?

हे सारे वाचून कोणी लगेच सामान बांधू नये. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि देश यादवीत लोटला गेला. त्यातच २८ मार्च २०२५ चा भूकंप आला. तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. मंडालेच्या किल्ल्याची भिंत ठिकठिकाणी ढासळली, महामुनी मंदिराची हानी झाली, इरावतीवरचा १९३४ चा जुना पूल कोसळला, इनलेच्या खांबांवरची घरे पाण्यात गेली. देवळे पुन्हा उभी राहतील. ती विद्या त्या लोकांना अवगत आहे. पण हातोडा उचलणारे जवान कुठे आहेत? कोणी फौजेत, कोणी जंगलात, कोणी सीमेपलीकडे. भूकंपाला त्या देशाने अनेकदा उत्तर दिले आहे. या वेळी वर्ख कुटायला हात परत येतात की नाही, यावर सारे अवलंबून आहे.

तोवर मुलाबाळांना घेऊन रत्नागिरीला जावे. १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबाला पदच्युत केले आणि पुढल्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले. १९१० मध्ये त्याच्यासाठी बांधलेला वाडा तिथे उभा आहे. १९१६ साली तो तिथेच वारला. त्याची समाधीही तिथेच आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनाला आले होते. आपला लोकमान्य सहा वर्षांनी मंडालेहून घरी परतला. त्यांचा राजा तीस वर्षे आपल्याकडे राहिला आणि परत गेलाच नाही. त्याच्या समाधीवर चार फुले आपण वाहायला हरकत नाही.