पेटी माळ्यावर जाण्यापूर्वी

ओळखीच्या चार घरांत चौकशी केली तर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "पेटी आहे हो आमच्याकडे, पण ती माळ्यावर आहे." कुणी लग्नाआधी शिकलेली असते, कुणी मुलीसाठी घेतलेली असते. पहिले तीन महिने उत्साहात जातात. मग परीक्षा, पाहुणे, आजारपणं यांत एक आठवडा बुडतो, आणि पेटीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग बसू लागतो. माझीही पेटी त्याच वाटेनं निघाली होती. चौतिसाव्या वर्षी शिकायला लागले तेव्हा वाटलं होतं, भजनं येतातच, सूर कळतो, सहा महिन्यांत वाजवीन. चौथ्या महिन्यात मी शिकवणी सोडायला निघाले होते.

चूक कुठे होत होती ते सांगते. आठवडाभर वेळ व्हायचा नाही, म्हणून रविवारी दुपारी मी दीड तास ठाण मांडून बसत असे. एकच भजन सुरुवातीपासून वाजवायचं, अंतऱ्यात ठराविक जागी बोटं अडखळायची, की चुकचुकून पुन्हा पहिल्यापासून. आमच्या बाईंनी हे एकदा नुसतं ऐकलं आणि म्हणाल्या, "अहो, पहिली ओळ तुम्ही शंभरदा वाजवलीत, ती तर तुम्हांला येतच होती. न येणारी जागा पाच वेळा वाजवलीत, आणि पाचही वेळा चुकीची. आता बोटांना ती चूकच पाठ झाली आहे." मी स्वतः अर्धवेळ शिक्षिका. वर्गात मुलांना येणारा पाढा कधी पुन्हा पुन्हा म्हणायला लावत नाही, पण स्वतःच्या बाबतीत हे सुचलं नव्हतं.

तेव्हापासून नियम केला, रोज पंधरा मिनिटं. जास्त नाहीत. वेळही ठरलेली : सकाळचे डबे गेले की, दूधवाल्याचा हिशेब करण्याआधी. पेटी खोक्यात ठेवायची नाही. एका पाटावर, वर जुन्या साडीचं आवरण घालून, हाताशी ठेवायची. खोकं काढा, पेटी उचला, यातच निम्मा उत्साह संपतो.

या पंधरांतली पहिली तीन मिनिटं डाव्या हाताची. शिकणाऱ्या सगळ्यांचं लक्ष उजव्या बोटांवर असतं आणि भाता बिचारा कसाही ओढला जातो. प्रत्येक सुराला एक हिसका बसला की आवाज उचक्या दिल्यासारखा येतो. म्हणून एकच स्टॉप उघडावा, पांढरी एकचा सा दाबून धरावा आणि भाता सावकाश, सारख्या अंतरानं चालवत राहावा. सूर सरळ रेघेसारखा निघाला पाहिजे, मध्ये फुगायला किंवा खचायला नको. सोबत गळ्यानंही सा लावावा. गळा आणि पेटी वेगवेगळ्या वाटांनी जात असतील तर लगेच समजतं. (सगळे स्टॉप बंद ठेवून भाता मारू नये. हवेला जायला वाट नसते आणि भात्यावर ताण येतो.)

मग सात-आठ मिनिटं अलंकार. सारेग, रेगम, गमप, असे वरच्या सापर्यंत आणि तसेच परत. पांढरी एकपासून सरळ सप्तक वाजवताना सा-रे-ग अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटानं, मग अंगठा खालून सरकवून मध्यमावर. उतरताना मध्यमावर अंगठा आला की मधलं बोट त्याच्यावरून गंधारावर. हा अंगठा सरकवण्याचा क्षणच खरा कसोटीचा, तिथे हमखास खंड पडतो. गती इतकी कमी ठेवायची की चूक होऊच नये. दुगुनीची घाई नको. मोबाइलवर तबल्याचा ठेका लावता येतो, तो सर्वांत संथ लयीत ठेवावा. आणि आठवड्यातून एकदा आपलंच वाजवणं मोबाइलवर भरून ऐकावं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कानाला हात लावावेसे वाटले, पण खंड नेमका कुठे पडतो ते त्यामुळेच कळलं.

उरलेल्या वेळात गाण्याची अडलेली जागा, फक्त तेवढीच. चार सूर असतील तर चारच. ते सलग पाच वेळा बिनचूक आले की मागचे दोन आणि पुढचे दोन सूर जोडायचे. पूर्ण गाणं रविवारी, बक्षीस म्हणून.

अलंकारांचा कंटाळा येतो, खोटं कशाला बोला. तसा आला की मी काळ्या पट्ट्यांशी खेळते. काळी तीनला सा मानून फक्त काळ्या पट्ट्या वाजवत वर गेलं की भूप. त्याच पाच पट्ट्या, पण सा काळी एकचा मानला की दुर्गा. आणि काळी पाचपासून निघालं तर चक्क मालकंस! पट्ट्या त्याच, घर बदललं की सगळा स्वभाव बदलतो. माझ्या मुलीला हे इतकं आवडलं की आता पेटीसाठी भांडण होतं.

पेटीवर मींड निघत नाही, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीनं तिला बंदीच घातली होती. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. ते पंडितांचे वाद पंडितांना लखलाभ. घरात शिकणाऱ्या बाईला पट्टी दाबली की सूर मिळतो, हाच केवढा आधार असतो.

पेटी जुनी घेणार असाल तर एक करा. स्टॉप उघडून, एकही पट्टी न दाबता भाता भरा. एखादा सूर आपोआप गुणगुणू लागला किंवा हवा भराभर निघून गेली, तर चकाकत्या पॉलिशला भुलू नका. मी भुलले होते, दुरुस्तीला आणखी पैसे गेले.

आणि एक चूक माझी मलाच भोवली. वर्षभर मी सगळं पांढरी एकमध्येच केलं. गणपतीत सासूबाईंनी कौतुकानं शेजारणींना बोलावलं, "आमची सून पेटी वाजवते." बायकांनी आरती उचलली ती काळी चारमध्ये. मी पहिल्या ओळीनंतर भाता ओढत नुसती सा धरून बसले. आरती संपल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "सा छान लागला हो." बाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, आपल्या घरातले लोक ज्या पट्टीत गातात त्या पट्टीत पहिल्यापासून थोडं थोडं वाजवायचं असतं.

सध्या काळी चारपासून तेच सारेग, रेगम चालू आहे. बोटं पुन्हा पहिलीत गेल्यासारखी वागतात. गणपतीला अजून दोन महिने आहेत.