रकाना चुकतो की मूल?

शिष्यवृत्तीचा अर्ज आता संगणकावर किंवा मोबाइलवर भरावा लागतो. तो भरताना मुले चुकतात आणि आपण त्यांना रागावतो. पण यांतल्या बऱ्याच चुका मुलांच्या नसतातच, त्या रकान्यात दडलेल्या असतात.

‘गाव’ हा अगदी साधा रकाना घ्या. वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारची मुलगी आपल्या गावाचे नाव रोमन लिपीत कसे लिहील? ‘शे’साठी एस-एच की नुसता एस, ‘लू’साठी यू की दोन ओ, ‘बाजार’ जोडून की तोडून? तीन प्रश्न, प्रत्येकाची दोन उत्तरे; म्हणजे २ × २ × २ = ८ रूपे झाली. माणूस ती एकाच गावाची समजतो, यंत्राला ती आठ गावे वाटतात. शिवाय सेलू वर्धा जिल्ह्यात आहे आणि परभणीतही आहे. टपालखात्यापुढे हाच प्रश्न होता. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला सहा अंकी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाला. अर्जातही गाव लिहायला न सांगता आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव असे यादीतून निवडू द्यावे.

अर्थात यादीने सगळे भागत नाही. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या दाखल्यांवर ‘ता. मंगरुळपीर, जि. अकोला’ असेच आहे. आजच्या मुलांच्या आईवडिलांचे दाखले बहुधा असेच असणार. यादीत अकोला निवडावा तर मंगरुळपीर सापडत नाही. वाशिम निवडावा तर दाखल्याशी जुळत नाही. रकान्याखाली ‘आजचा जिल्हा निवडा, जुन्या दाखल्यावर वेगळा असला तरी चालेल’ एवढी ओळ असली की एक हेलपाटा वाचतो.

नावाचेही तसेच. राज्य शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आहे. तीनच रकाने असलेल्या अर्जात ही मुले आईचे नाव कुठे बसवणार?

आता आकडे. मोबाइलवर मराठी कळफलक असेल तर ‘९’ उमटतो आणि कित्येक अर्ज ‘फक्त अंक लिहा’ म्हणून तो नाकारतात. हे खरोखर हास्यास्पद आहे. युनिकोड या संकेतपद्धतीत इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, तर देवनागरी शून्याचा २४०६ आहे. पुढचे अंक दोन्हीकडे ओळीने येतात. म्हणजे कोणताही देवनागरी अंक आला तर त्याच्या क्रमांकातून २३५८ वजा करायचे, की इंग्रजी अंक मिळाला! एका वजाबाकीचे काम यंत्राने करायचे, ते माणसावर का ढकलायचे? बँकशाखेच्या अकरा अक्षरी संकेतात पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. तिथे कुणी ‘ओ’ लिहिला तर तोही यंत्राने मुकाट्याने सुधारावा.

जे सुधारता येत नाही ते निदान लगेच दाखवावे. आधार क्रमांकाच्या बारा अंकांपैकी शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. ही रीत डच गणिती व्हेरहूफ यांची आहे. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही. तेव्हा अर्ज पाठवण्याआधीच त्या रकान्यापाशी ‘आधार क्रमांकात चूक आहे, पुन्हा पाहा’ असे लिहून यावे. पानाच्या माथ्यावर लाल अक्षरांत नुसते ‘अवैध माहिती’ म्हणणे आणि भरलेले सगळे रकाने पुसून टाकणे, हे उत्तरपत्रिका फाडून ‘नापास’ म्हणण्यासारखे आहे.

विद्यार्थ्यांना आपल्या गावाचे नाव रोमन लिपीत लिहायला सांगा, एकमेकांचे न पाहता. फळ्यावर किती रूपे जमतात ते मोजा, आणि मग त्यांनाच शाळेच्या प्रवेशअर्जाचे रकाने नव्याने आखू द्या.